तीन बॉलचा स्पायरोमीटर : बायपासनंतरच्या घरगुती वापराचे परीक्षण

बायपास शस्त्रक्रिया होऊन घरी परतणाऱ्या रुग्णाच्या पिशवीत फाइल आणि औषधांच्या पाकिटांबरोबर बहुतेक वेळा श्वासाच्या व्यायामाचे एक पारदर्शक प्लॅस्टिकचे साधन, म्हणजे स्पायरोमीटर, असते. शेजारी शेजारी उभी असलेली तीन नळकांडी, प्रत्येकात एक रंगीत बॉल, बाजूला सुरकुत्यांची लवचीक नळी आणि तिच्या टोकाला तोंडात धरायचा भाग, एवढाच त्याचा पसारा. करोनाच्या दोन वर्षांत, म्हणजे २०२० आणि २०२१ मध्ये, हे साधन कोकणातल्या वाड्यावाड्यांपर्यंत पोहोचले आणि आज ते तालुक्याच्या गावातल्या बहुतेक औषधाच्या दुकानांत सहज मिळते. आमच्या घरी ते सासऱ्यांच्या बायपासनंतर आले. रोजच्या वापरातून त्याचे जे गुणदोष दिसले, आणि ते वापरायला शिकवण्यासाठी घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टच्या सेवेचा जो अनुभव आला, त्या दोन्हींचे हे परीक्षण आहे. थोडक्यात मत असे की साधन चांगले आहे, किमतीच्या मानाने फारच चांगले आहे. मात्र ते वापरायचे कसे हे कोणी समोर बसून दाखवले नाही, तर ते रुग्णाला नेमकी चुकीची सवय लावते.

सासऱ्यांना घरात आणि वाडीत सगळे भाऊ म्हणतात. ते रत्नागिरी तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावात राहतात, आंब्याची बाग सांभाळतात आणि सत्तरी ओलांडूनही कलमावर चढणाऱ्यांपैकी आहेत. आपल्याकडे हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी रत्नागिरीकर बरेचदा आंबा घाट चढून कोल्हापूर गाठतात, सिंधुदुर्गातले लोक गोव्यात बांबोळीला किंवा बेळगावला जातात आणि ज्यांची मुले मुंबईत आहेत ते मुंबईला. भाऊंची शस्त्रक्रिया घाटावरच झाली. रुग्णालयाचे नाव येथे देत नाही. शस्त्रक्रियेबद्दल, तिथल्या सर्जनबद्दल आणि आयसीयूतल्या परिचारिकांबद्दल आमच्या मनात कृतज्ञताच आहे. तक्रार आहे ती डिस्चार्जच्या दिवशीच्या घाईची. साधन बिलात लावले गेले, पिशवीत घातले गेले, त्यासोबत बारीक अक्षरातले इंग्रजी माहितीपत्रक आले आणि तोंडी सूचना मिळाली ती एकच : दर तासाला दहा वेळा करायचे. काय करायचे, किती हळू करायचे, कुठे थांबायचे, याबद्दल एक शब्दही नाही.

या व्यायामाची गरज का असते हे समजून घेतल्याशिवाय साधनाचे मूल्यमापन करता येणार नाही. बायपासमध्ये छातीचे मधले हाड, म्हणजे उरोस्थी, उभे कापून उघडले जाते आणि शेवटी स्टीलच्या तारांनी पुन्हा बांधले जाते. हृदय थांबवून हार्ट-लंग मशीनवर शस्त्रक्रिया होते तेव्हा रक्ताला प्राणवायू देण्याचे काम यंत्र करते आणि फुप्फुसे त्या वेळी मिटलेल्या अवस्थेत असतात. भूल, तासन्‌तास उताणे पडून राहणे आणि नंतर छातीत असलेले ड्रेन, म्हणजे साचलेले रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या, या सगळ्यांमुळे फुप्फुसांच्या तळाकडचे वायुकोश, म्हणजे हवेच्या बारीक पिशव्या, मिटलेलेच राहतात. डाव्या बाजूला हा प्रकार अधिक दिसतो, कारण हृदयाला जोडण्यासाठी छातीच्या आतली जी धमनी बहुधा वापरतात ती डावीकडची असते आणि ती मोकळी करताना डाव्या फुप्फुसाभोवतीचे आवरण अनेकदा उघडावे लागते. रुग्ण शुद्धीवर आला की दुखण्याच्या भीतीने वरवरचा श्वास घेऊ लागतो, खोकला दाबतो, कफ साचतो आणि मिटलेल्या भागात जंतूंना आयती जागा मिळते. हृदय व्यवस्थित चालू असूनही न्यूमोनियामुळे रुग्णालयातला मुक्काम लांबतो तो याच वाटेने. म्हणून पहिल्या दिवसापासून खोल श्वास घ्यायला लावतात, खुर्चीत बसवतात, चालवतात. आणि खोल श्वास घेतला की नाही हे रुग्णाला डोळ्यांनी दिसावे यासाठी हे बॉलचे साधन हातात देतात.

आता साधनाच्या रचनेकडे वळू. तिन्ही नळकांड्यांवर ६००, ९०० आणि १२०० असे आकडे छापलेले असतात. हे आकडे सीसीमध्ये (म्हणजेच मिलिलिटरमध्ये), पण दर सेकंदाचे आहेत, ही गोष्ट आमच्या साधनाच्या डब्यावर इतक्या बारीक टायपात होती की चष्मा लावूनही ती शोधावी लागली. श्वास आत ओढण्याचा वेग सेकंदाला ६०० सीसी झाला की पहिला बॉल उचलला जातो, ९०० झाला की दुसरा आणि १२०० झाला की तिसरा. याचा अर्थ असा की साधन हवेचा वेग दाखवते, एकूण किती हवा आत गेली ते दाखवत नाही. फुप्फुसाच्या तळापर्यंत हवा पोहोचण्यासाठी महत्त्वाची असते ती मात्र एकूण हवा. पहिलाच बॉल वर ठेवून आणि दुसरा खाली राहू देऊन तीन सेकंद श्वास ओढला, तर किमान १८०० सीसी हवा आत जाते. उलट जोराचा झटका देऊन तिन्ही बॉल अर्धा सेकंद उडवले, तर जेमतेम ६०० सीसी जाते आणि आपण शांत बसलेले असताना सहज घेतलेला श्वासही सुमारे ५०० सीसीचा असतो. म्हणजे जो प्रकार दिसायला पराक्रमाचा, त्यातून पदरात जवळजवळ काहीच पडत नाही.

भाऊंच्या बाबतीत हे अगदी समोर घडले. फिजिओथेरपिस्ट पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा भाऊ पडवीत लाकडी खुर्चीवर ताठ बसले, साधन हातात घेतले आणि एका दमात तिन्ही बॉल खट्‌कन वर आपटवून विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिले. नातवाने टाळ्या वाजवल्या. बाईंनी मात्र साधन हळूच त्यांच्या हातून घेतले, टेबलावर उभे ठेवले आणि म्हणाल्या, “काका, तीन नकोत. एकच बॉल उचला, पण तो वर धरून ठेवा.” भाऊंनी विचारले, “मग बाकीचे दोन काय शोभेला दिलेत?” त्यावर त्या हसल्या आणि घड्याळाकडे पाहत मोजू लागल्या. तिन्ही बॉल लीलया उडवणाऱ्या माणसाला पहिला बॉल दोन सेकंदांच्या वर टिकवता येत नव्हता. तो लटपटत खाली येई आणि त्यासोबत खोकल्याची उबळही येई. बाईंच्या मते ती उबळ हेच चांगले लक्षण होते, कारण हवा आता जिथे कफ होता तिथे पोहोचू लागली होती. पुढच्या काही आठवड्यांत तोच बॉल चार-पाच सेकंद स्थिर राहू लागला, आणि दुसरा बॉल त्यानंतरच हिशेबात धरला गेला.

त्यांनी शिकवलेली पद्धत येथे सविस्तर देणे योग्य होईल, कारण साधनाच्या माहितीपत्रकात ती या क्रमाने कुठेही नाही. व्यायाम झोपून करायचा नाही. खुर्चीत पाठ टेकवून, पाय जमिनीला लावून बसायचे, आणि रुग्ण अशक्त असेल तर साधन दुसऱ्याने धरायचे, म्हणजे हात उचलून छातीवर ताण येत नाही. साधन उभेच असले पाहिजे, कारण ते तिरके झाले की बॉल कमी हवेतही वर सरकतात आणि रुग्णाला खोटे समाधान मिळते. आधी सगळा श्वास सावकाश सोडायचा, मग ओठ घट्ट मिटून नळीतून हवा आत ओढायची. (कवळी असेल तर ती घालूनच बसावे, नाही तर ओठांच्या कडेने हवा निसटते आणि दोष साधनाला दिला जातो.) श्वास पूर्ण भरला की दोन-तीन सेकंद थांबायचे, म्हणजे उघडलेल्या वायुकोशांतली हवा शेजारच्या मिटलेल्या कोशांकडेही पसरायला वेळ मिळतो, आणि मग नळी तोंडातून काढून हळू सोडायचे. प्रत्येक श्वासानंतर एक-दोन साधे श्वास घ्यायचे. सलग दहा खोल श्वास घेतले की चक्कर येते, हातापायांना मुंग्या येतात, आणि घाबरून रुग्ण व्यायामच सोडून देतो.

पुष्कळ लोक या साधनात फुंकर मारतात. भाऊंना भेटायला आलेल्यांपैकी अनेकांनी ते उचलून पाहिले आणि प्रत्येकाने आधी फुंकलेच. फुंकून बॉल हलत नाहीत, हे एका अर्थी बरे आहे, कारण साधनच चूक दाखवून देते. परंतु एखादा हट्टी रुग्ण बॉल हलावेत म्हणून जोर करत राहिला तर ताज्या हाडावर विनाकारण दाब येतो. माहितीपत्रकात पहिल्याच ओळीत ठळक मराठीत ‘फुंकू नका, आत ओढा’ एवढे छापले तरी निम्मे काम होईल. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या साधनावर चार ओळी मराठी छापायला कंपनीला काय अडते, हे कळत नाही.

बॉलपेक्षा अधिक उपयोगी ठरली ती उशी. सरावाच्या प्रत्येक फेरीनंतर कफ सुटतो आणि तो बाहेर काढणे हा व्यायामाचा अर्धा भाग आहे. तो साधनाने होत नाही. त्यासाठी एक छोटी, घट्ट उशी दोन्ही हातांनी छातीशी कवटाळायची आणि खोकण्याआधी, आरशावर वाफ धरताना आपण तोंड उघडे ठेवून ‘हा’ करतो तसा, मध्यम जोराचा उच्छ्वास दोन-तीन वेळा करायचा. यामुळे कफ वरच्या मोठ्या नळ्यांपर्यंत येतो आणि मग एका खोकल्यात निघतो. दहा वेळा ठसकण्याची गरज पडत नाही. उशीचा दाब हाडाच्या दोन कडांना आधार देतो, दुखणे कमी होते आणि मुख्य म्हणजे ‘टाके तुटतील’ ही भीती जाते. भाऊंच्या उशीला आमच्या सासूबाईंनी जुन्या लुगड्याचा अभ्रा शिवला आणि ती उशी आंबा घाटातून उतरताना, फेरतपासणीच्या प्रत्येक प्रवासात, गाडीच्या पट्ट्याच्या आणि छातीच्या मध्ये राहिली. खड्ड्यांच्या रस्त्यांवर तिच्याइतकी कामाला आलेली दुसरी वस्तू नाही, आणि रुग्णालयाच्या बिलात तिचे नावही नव्हते.

वेदनाशामक गोळीच्या वेळेशी व्यायामाची सांगड घालण्याची सूचनाही फिजिओथेरपिस्टचीच. डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतल्यानंतर साधारण अर्ध्या-पाऊण तासाने व्यायामाला बसले की श्वास मोकळा जातो. दुखत असताना बसले की पहिल्या तीन श्वासांतच माणूस कंटाळतो. छातीला बांधायचा पट्टा दिलेला असेल तर तो फार आवळून बांधू नये, कारण बरगड्या फाकल्याच नाहीत तर बॉल कितीही उचलले तरी उपयोग नाही, हेही त्यांनी पट्ट्याखाली दोन बोटे सरकवून दाखवले.

साधनाच्या बाजूने आणि विरुद्ध बोलताना एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. केवळ हे साधन वापरल्याने बायपासनंतरची फुप्फुसांची गुंतागुंत कमी होते, असे संशोधनातून सिद्ध झालेले नाही. वैद्यकीय संशोधनांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा या विषयावरचा आढावा २०१२ मध्ये अद्ययावत झाला आणि त्यात फिजिओथेरपीच्या इतर पद्धतींच्या तुलनेत स्पायरोमीटर सरस असल्याचा पुरावा आढळला नाही. सावकाश घेतलेले खोल श्वास, लवकर उठून बसणे, चालणे आणि कफ काढणे ही जी खरी उपाययोजना आहे, ती साधनाशिवायही होऊ शकते. असे असूनही आम्ही ते टाकून दिले नाही, याचे कारण वैद्यकीय नसून मानवी आहे. ‘भाऊ, खोल श्वास घ्या’ असे दिवसातून आठ वेळा म्हटले तर भाऊ चिडतात. साधन समोर ठेवले की आपणहून उचलतात, कालच्यापेक्षा बॉल जास्त वेळ टिकला की खूश होतात आणि नातू घड्याळ घेऊन मोजायला बसतो. ज्या घरात रुग्ण स्वतःच शिस्तीने श्वसन करतो तिथे याची फारशी गरज नाही. आमच्या घरात होती.

शस्त्रक्रियेला अवधी असेल तर त्याआधीच्या तयारीबद्दल मात्र चांगला पुरावा आहे. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त येथे झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बायपास होणार असलेल्या २७९ रुग्णांपैकी ज्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी किमान दोन आठवडे श्वास ओढण्याच्या स्नायूंचा व्यायाम केला, त्यांच्यात फुप्फुसांची गुंतागुंत १८ टक्क्यांत दिसली, आणि ज्यांनी केला नाही त्यांच्यात ३५ टक्क्यांत. तिथे वापरलेले साधन श्वासाला ठरावीक अवरोध देणारे होते, हे बॉलचे नव्हे. तरीही ज्यांची शस्त्रक्रिया तारीख देऊन ठरवलेली आहे त्यांनी घरी बसून नुसती काळजी करण्याऐवजी हृदयरोगतज्ज्ञांना विचारून आधीच फिजिओथेरपिस्ट गाठावा, आणि तंत्र दुखत नसतानाच शिकून घ्यावे, हे मला पटते. छाती दुखत असताना नवीन काही शिकणे फार अवघड जाते. तंबाखूची मशेरी आणि विडी तर त्या दिवसापासूनच बंद झाली पाहिजे.

कोकणच्या हवेत हे साधन कसे टिकते, हा प्रश्न कंपनीच्या माहितीपत्रकात येणार नाही, म्हणून तो येथे थोडा विस्ताराने घेते. भाऊ घरी आले तेव्हा आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, कामे चालू होती आणि लगेचच पाऊस लागला. आपल्याकडे पावसाळ्यात चामड्याच्या चपलेवर बुरशी येते, तिथे ज्या नळीत दिवसातून अनेकदा ओलसर तोंड लागते तिचे काय होणार हे सांगायला नको. सुरकुत्यांच्या नळीचे पाणी झटकून काढले तरी खाचांत ओल राहते, आणि आठवडाभर दुर्लक्ष झाले की तिथे बारीक काळे ठिपके दिसू लागतात. ते दिसले की नळी धुऊन पुन्हा वापरण्याच्या फंदात पडू नये, नवी आणावी. रोजची काळजी म्हणजे तोंडात धरायचा भाग कोमट साबणपाण्याने धुणे, उकळून गार केलेल्या पाण्याने खळबळून घेणे आणि स्वच्छ फडक्यावर पालथा ठेवून पूर्ण सुकवणे. बॉल असलेला मुख्य भाग पाण्यात बुडवायचा नाही आणि उकळत्या पाण्यात तर काहीच टाकायचे नाही, प्लॅस्टिक वेडेवाकडे होते. दमट दिवसांत बॉल नळकांड्याच्या तळाला चिकटतो आणि पहिला श्वास फुकट जातो. साधन हलकेच टेबलावर ठोकले की तो सुटतो. वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही, हा मात्र आपल्या पावसाळ्यातला मोठाच गुण. दोन-दोन दिवस लाइट नसताना औषधाचा फवारा श्वासातून देणारा नेब्युलायझर कोपऱ्यात पडून होता आणि बॉल वर-खाली होत होते.

धुराचाही विचार करावा लागतो. सकाळी मागच्या पडवीत पाण्याचा बंब पेटतो, पावसात लाकडे ओली असतात आणि धूर घरभर फिरतो. भाऊंचा सकाळचा व्यायाम त्याच वेळेला येत होता. फिजिओथेरपिस्टनी खोलीत पाऊल टाकताच ते ओळखले आणि व्यायामाची जागा पुढच्या ओटीवर, वेळ बंब विझल्यावर, अशी बदलून दिली. धुरात खोल श्वास घेण्यापेक्षा न घेतलेला बरा, हे त्यांचे म्हणणे घरातल्या सगळ्यांना लगेच पटले. साधनासोबतच्या कागदावर असे काही लिहिलेले नसते.

वाडीतली एक सवय या साधनाच्या बाबतीत घातक आहे. आपल्याकडे काठी, कमोडची खुर्ची, वाफारा घ्यायचे भांडे अशा वस्तू गरजेप्रमाणे घरोघर फिरतात आणि त्यात चांगुलपणाच असतो. स्पायरोमीटर मात्र एका रुग्णासाठीच असतो. नळीतल्या ओलीतून एकाचे जंतू दुसऱ्याच्या फुप्फुसात जाऊ शकतात, आणि ज्याची छाती नुकतीच उघडली गेली आहे त्याला ते परवडणारे नाही. माळ्यावर ठेवलेले करोनाच्या काळातले जुने साधन धुऊन वापरावे असा सल्ला आम्हालाही मिळाला होता; तो ऐकला नाही.

सल्ल्यांचा विषय निघालाच आहे तर प्राणायामाबद्दल लिहिले पाहिजे. भेटायला येणारा प्रत्येक दुसरा माणूस कपालभाती सुचवून जातो. भाऊ स्वतः अनेक वर्षे पहाटे प्राणायाम करणारे, त्यामुळे त्यांना हे बॉल उचलणे पोरखेळ वाटत होते आणि आपली जुनी साधना कधी सुरू होते याची घाई झाली होती. कपालभाती आणि भस्त्रिका यांत पोटाला जोराचे, झटपट हिसके बसतात. ते उरोस्थीपर्यंत पोहोचतात आणि छातीत व पोटात दाबही वाढतो. हाड पक्के व्हायला साधारण दोन ते तीन महिने लागतात, तोवर हे प्रकार टाळायचे आणि पुढेही सर्जनच्या परवानगीनेच सुरू करायचे, असे आम्हाला सांगण्यात आले. दीर्घ कुंभकालाही, म्हणजे श्वास रोखून धरण्यालाही, हाच नियम. संथ, पोट फुगवून घेतलेला आणि सावकाश सोडलेला दीर्घश्वास मात्र फिजिओथेरपिस्टच्या व्यायामाहून निराळा नाहीच, हे भाऊंच्या लक्षात आल्यावर त्यांचा विरोध मावळला. गणपतीत शंख फुंकण्याचा मान त्यांचा. तो या वर्षी पुतण्याकडे गेला, आणि आरतीला भाऊ खुर्चीत बसून टाळ्या वाजवत राहिले. आंब्याची पेटी, विहिरीची कळशी, रहाटाचा दोर यांनाही त्याच काळात हात लावायचा नाही, आणि उठताना दोन्ही हातांवर रेटा न देता कुशीवर वळून उठायचे, ही पथ्ये श्वसनाच्या व्यायामाइतकीच कसोशीने पाळावी लागतात.

व्यायाम करताना काय दिसले तर थांबून डॉक्टरांना फोन करायचा, याची यादी फिजिओथेरपिस्टनी भिंतीवर मराठीत लिहून चिकटवली, आणि माझ्या मते त्यांच्या एकूण कामात हीच गोष्ट सर्वांत मोलाची होती. छातीचे हाड श्वासासोबत ‘कट्‌’ वाजणे किंवा सरकल्यासारखे वाटणे, जखमेतून पाणी किंवा पू येणे, ताप, हिरवा-पिवळा किंवा रक्त असलेला कफ, आडवे झाल्यावर लागणारी धाप, दोन-तीन दिवसांत दोन किलोने वाढलेले वजन, छातीत नव्याने सुरू झालेले दुखणे किंवा ठोके अनियमित पडणे, ही ती लक्षणे. यांतले काहीही झाले तर बॉल बाजूला ठेवायचा आणि ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणायचे नाही, कारण आपल्याकडून मोठे रुग्णालय गाठायलाच काही तास जातात.

फिजिओथेरपिस्टच्या सेवेबद्दल सांगायचे तर एका भेटीचे ५०० रुपये आणि गाव आडवाटेला असल्याने त्यावर पेट्रोलचे वेगळे, असा हिशेब होता. शहराच्या मानाने हे जास्त नाही. त्या वेळेवर येत, प्रत्येक भेटीत आधी नाडी, ऑक्सिमीटर आणि पायांवरची सूज पाहत, आणि स्वतः व्यायाम करवून घेण्यापेक्षा घरच्यांकडून करवून घेण्यावर त्यांचा भर होता. त्यामुळे भेटी वाढवण्याचा लोभ दिसला नाही. उणीव म्हणायची तर अशी की मुसळधार पावसात, खाडीचे पाणी रस्त्यावर आले की त्या येऊ शकत नसत, आणि फोनवर व्हिडिओ कॉल लावावा तर आमच्या वाडीत रेंज मिळते ती फक्त देवळामागच्या चढावर. त्या चढाला जांभ्या दगडाच्या पायऱ्या आहेत. भाऊंनी पुढे चालण्याचा व्यायाम तिथेच वाढवत नेला, दर काही पायऱ्यांवर थांबून, श्वास सोडताना पाऊल वर टाकत. तेही बाईंनीच शिकवलेले. हृदयाच्या पुनर्वसनाचे नियमित केंद्र जवळपास असते तर ही सगळी शिकवणी एकाच छताखाली झाली असती, परंतु आमच्या भागात ते नाही आणि अशा घरी येणाऱ्या एक-दोन जणांवरच गावेच्या गावे विसंबून आहेत.

बॉलच्या साधनाला पर्याय म्हणून आत ओढलेली हवा थेट मिलिलिटरमध्ये दाखवणारा, दट्ट्या वर सरकणारा स्पायरोमीटर मिळतो. त्यात वेग मर्यादेत ठेवण्यासाठी वेगळी खूण असते आणि २५०० किंवा ४००० पर्यंतची मोजपट्टी असते. भाऊंनी रुग्णालयातल्या शेजारच्या रुग्णाचा वापरून पाहिला होता. वर लिहिलेला झटक्याचा दोष त्यात जवळजवळ उरत नाही, कारण श्वास हळू ओढला तरच ती खूण मर्यादेत राहते. तो महाग असतो, आमच्या जवळच्या दुकानांत मिळाला नाही, मागवावा लागतो. ज्यांना शिकवणारे कोणी मिळणार नाही त्यांनी तोच मागवावा, असे मी सुचवेन. शिकवणारे मिळत असेल तर तीन बॉलचा पुरेसा आहे.

दुकानातून घेताना पाकीट सीलबंद आहे ना ते पाहावे आणि दुकानदाराला ते आपल्यासमोरच फोडायला सांगावे. आमचे दुसरे साधन, जे नळी खराब झाल्यावर २८० रुपयांना घेतले, त्यातला मधला बॉल नळकांड्यात अडकत होता आणि ते घरी आल्यावर कळले. तोंडाला लागणारी वस्तू म्हणून दुकानदाराने बदलून दिले नाही. तेव्हा साधन उलटे-सुलटे करून तिन्ही बॉल मोकळे घरंगळतात का, नळीला चीर नाही ना आणि ती तोटीवर घट्ट बसते का, एवढे तिथेच बघून घ्यावे. नळी सुटी मिळत असेल तर एक जादा घेऊन ठेवावी, विशेषतः मृगाच्या आधी.